सुटलेला हातचा

आमच्या लहानपणी शाळातपासणीचा दिवस दसरा-दिवाळीइतकाच गाजावाजाचा असे. आठ दिवस आधीपासून भिंतींना चुना लागे, हजेरीपटावरील खाडाखोड निस्तरली जाई, दप्तराचे रुमाल नव्याने बांधले जात, आणि ज्या मुलांवर शाळेची अब्रू अवलंबून आहे असे गुरुजींना वाटे, त्यांना पुढच्या ओळीत आणून बसविण्यात येई. अशाच एका तपासणीच्या सकाळी, पुढच्या ओळीत बसल्याच्या अभिमानाची किंमत मोजण्यासाठी, मला फळ्यापाशी बोलावण्यात आले. बेरीज साधी होती: सदुसष्ट आणि अठ्ठावन्न. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच मांडले, हातचा एक. इथवर सारे यथास्थित झाले आणि नेमक्या त्याच क्षणी साहेबांच्या बुटांची करकर माझ्या पाठीशी येऊन थांबली. सहा नि पाच अकरा, असे पुटपुटत मी एकशे पंधरा लिहिले आणि खडू खाली ठेवला. गुरुजींनी फळ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे पाहिले, आणि विचारले, "हातचा कुणाला दिलास रे?" वर्ग हसला, साहेब हसले, आणि पुढे कितीतरी दिवस हातच्याची बेरीज दिसली की माझे कान आधी तापू लागत.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला, देवापाशी दिवा लागल्यावर, मी ओसरीवर आजोबांसमोर परवचा म्हणत होतो. पावकी झाली, निमकी झाली, दिडकी झाली आणि साडेतीनची औटकीही न अडखळता झाली. सकाळी ज्या मुलाला सहा, पाच आणि एक यांची बेरीज साधली नव्हती, त्याच मुलाने संध्याकाळी 'अकरा औटे साडेअडतीस' हे खणखणीत आवाजात म्हणून दाखविले. बारा तासांच्या आत माणसाची बुद्धी वाढत नाही आणि घटतही नाही. मग मधल्या काळात बदलले काय होते?

गुरुजींनी थट्टेने विचारलेला प्रश्न वस्तुतः फार मार्मिक होता, हे ध्यानात यायला मला पुष्कळ वर्षे लागली. हातचा हा कागदावर नसतो, तो हातातही नसतो. तो मनाच्या एका लहानशा कोनाड्यात, पुढचे काम उरकेपर्यंत, अल्प मुदतीच्या ठेवीसारखा जपून ठेवावा लागतो. या कोनाड्याला मानसशास्त्रज्ञ कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हे की ती अत्यंत तोकडी असते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये तिची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली होती. पुढील संशोधकांनी तीही कापून चारच्या आसपास आणली. एवढ्याशा जागेत दिलेले आकडे, करावयाची क्रिया आणि हातचा यांनी दाटीवाटीने राहावयाचे असते. त्यात 'साहेब काय म्हणतील', 'पोरे हसतील', 'घरी कळेल' हे तीन पाहुणे न बोलावता येऊन बसले, तर कोणीतरी बाहेर पडणार हे उघड आहे. आणि भीती ही स्वभावतःच दांडगी असल्यामुळे बाहेर पडतो तो बिचारा हातचा.

हे केवळ रूपक नव्हे. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या अमेरिकन संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गणिताची धास्ती असलेल्या आणि नसलेल्या विद्यार्थ्यांना बेरजा घालण्यात आल्या, आणि त्या करीत असतानाच काही अक्षरेही लक्षात ठेवावयास सांगितली गेली. बेरीज सोपी आणि लक्षात ठेवावयाची अक्षरे थोडी असताना दोहोंत फारसा भेद दिसला नाही. परंतु बेरजेत हातचा आला आणि त्याच वेळी स्मृतीवरील ओझेही वाढले, तेव्हा धास्तावलेल्या विद्यार्थ्यांच्या चुका झपाट्याने वाढल्या. आपल्याकडील सहस्रावधी मुलामुलींच्या कपाळावर 'गणितात कच्चा', 'गणितात कच्ची' असे जे शिक्के बसतात, ते बसविण्यापूर्वी या प्रयोगाची आठवण व्हावी असे मला वाटते. कारण ज्याला आपण बुद्धीचा तुटवडा म्हणून वहीत नोंदवितो, तो कित्येकदा जागेचा तुटवडा असतो.

बुद्धी निराळी आणि भावना निराळी, बुद्धीचे स्थान शाळेत आणि भावनांचे घरात, ही आपल्या शिक्षणव्यवहाराने केलेली वाटणी मुळातच बेकायदा आहे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ती कधी मान्य केली नव्हती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशाचे मूळ क्रोध आणि मोह यांत दाखविलेले आहे आणि स्मृतीच्या नाशानंतर बुद्धीचा नाश सांगितलेला आहे. म्हणजे भावना बिघडली की स्मृती बिघडते आणि स्मृती बिघडली की बुद्धी निरुपाय होते, ही मालिका आपल्याला नवीन नाही. भरताने नाट्यशास्त्रात जे आठ स्थायीभाव सांगितले, त्यांत भय आहे, तसे उत्साह आणि विस्मयही आहेत. रंगभूमीवर या आठांनाही मानाचे स्थान मिळाले. आमच्या वर्गात मात्र भयाला कायमची सनद आणि उत्साह-विस्मयांना स्नेहसंमेलनापुरती रजा, असा शिरस्ता पडून गेला. ज्या मुलाला आश्चर्य वाटते ते प्रश्न विचारते, आणि जे प्रश्न विचारते ते अभ्यासक्रम पुरा होऊ देत नाही, अशी शाळेची जुनी कैफियत आहे.

येथे धाकाचे समर्थक पुढे येतात, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ते म्हणतात, आमच्या पाठीवर छडी मोडली म्हणूनच आम्ही चार अक्षरे शिकलो. यातील अनुभव खरा आहे. अनुमान तेवढे तपासले पाहिजे. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन या दोघांनी 1908 मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. पांढऱ्या आणि काळ्या पेटीतला भेद ओळखावयाचा आणि चुकल्यास विजेचा झटका, असे त्याचे स्वरूप होते. दोन पेट्यांतील भेद ढोबळ असताना झटका जितका तीव्र, तितका उंदीर लवकर शिकला. भेद सूक्ष्म होताच मात्र तीव्र झटक्याने शिकणे मंदावले आणि मध्यम झटकाच कामास आला. उंदरांचे निष्कर्ष माणसांच्या मुलांवर जसेच्या तसे लादू नयेत हे खरे. तरीही शिक्षकाच्या व्यवसायातला जुना अनुभव याच दिशेला बोट दाखवितो. धाकाने मूल जागेवर बसते, नक्कल करते, घोकलेले ओकते. ज्या कामाची वाट आधीच आखलेली आहे, ते काम भीतीच्या चाबकाने जोरात पळते. वाट शोधावयाची असली की त्याच चाबकाने पाय अडखळतात. आणि छडीच्या पदरात जे यश घातले जाते, त्याच्या हिशेबात एक मोठी बाकी नेहमी दडविली जाते: छडी खाऊन शिकलेले लोक आत्मचरित्रे लिहितात, छडी खाऊन शाळेतून पळालेल्यांची नोंद पटावरून नाव कमी करताना ओढलेल्या एका तांबड्या रेघेपलीकडे कोठेच राहत नाही.

एवढे म्हटल्यानंतर जुन्या पंतोजींना न्याय देणेही प्राप्त आहे. त्यांच्या छडीची निंदा करताना आपण त्यांची पावकी-निमकीही अडगळीत फेकली, ही माझ्या मते गेल्या दोन पिढ्यांतील फार मोठी चूक होय. पाठांतर म्हणजे पोपटपंची, ती समजुतीची वैरीण, असे मानण्याची रीत पडली. परंतु कार्यकारी स्मृती तोकडी आहे हे एकदा मान्य केले, की पाठांतराचे प्रयोजन निराळ्याच प्रकाशात दिसू लागते. साडेतीन रुपये शेराने अकरा शेर जिन्नस घेणाऱ्याला जर औटकी मुखोद्गत असेल, तर त्याला गुणाकारासाठी कोनाड्यात जागा मोडावी लागत नाही, आणि ती मोकळी राहिलेली जागा माप बरोबर आहे की नाही आणि दुकानदार लबाडी करतो की नाही हे पाहण्याच्या उपयोगी पडते. माझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते. जमाखर्चाच्या रकान्यावरून त्यांचे बोट जसे सरकत जाई तशी बेरीज तयार होत जाई, आणि ते करीत असतानाच समोरच्या कुळाशी पावसापाण्याच्या गप्पाही चालू असत. ही किमया बुद्धीची होती तितकीच पाठांतराची होती. अर्थात पंतोजी अर्धे बरोबर आणि अर्धे चूक होते: पाढे बरोबर होते, छडी चूक होती. आपण सुधारणा केली ती उलटीच. पाढे टाकले; भीती ठेवली. तिने फक्त वेष बदलला, आणि आज ती गुणपत्रिकेच्या, क्रमांकाच्या, शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत छापलेल्या छायाचित्रांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांच्या रूपाने पूर्वीपेक्षा अधिक घरांत शिरली आहे.

2019 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात उठलेले एक वादळ या संदर्भात आठवते. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असेही संख्यावाचन देण्यात आले, आणि मराठी भाषाच बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की मराठी संख्यानामांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले धास्तावतात, आणि ती धास्ती पुढे साऱ्या गणिताला चिकटते. विचार केला तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. आपण लिहितो दशक आधी आणि बोलतो एकक आधी. एकोणतीस म्हणताना तिसातून एक उणा करावयाचा असतो, आणि हा शिरस्ता एकोणनव्वदपर्यंत इमानाने पाळून नव्व्याण्णवला अकस्मात मोडतो. मला स्वतःला आपली संख्यानामे प्रिय आहेत आणि ती जावीत असे मी कधीही म्हणणार नाही; तथापि त्या वादात दोन्ही पक्षांनी शब्दांवर जितकी शाई खर्च केली, तिचा दशांशही ज्या प्रश्नावर खर्चावयास हवा होता तो प्रश्न बाजूला राहिला. सहासात वर्षांचे मूल 'त्रेपन्न'ला अडखळते, तेव्हा वर्गात काय घडते? ते अडखळणे चालवून घेतले गेले तर 'त्रेपन्न' महिन्याभरात आपसूक येते. त्याच्यावर वर्ग हसला, तर 'पन्नास तीन' हेही त्याच्या घशात अडकते.

ही भीती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे सांगितल्यावाचून या विषयाला पूर्णता येणार नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारे, आणि शिपाई आल्यावाचून नळाचे पाणी पिऊ न शकणारे भीमराव आंबेडकर पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना, शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्यापाशी बोलावले. तेव्हा फळ्यामागे आपले जेवणाचे डबे आहेत म्हणून वर्गातील मुलांनी एकच गलका केला आणि धावत जाऊन डबे हलविले, असा प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. मी फळ्यापाशी चुकलो तेव्हा माझ्या बेरजेला हसणारे होते. या विद्यार्थ्याच्या बाबतीत खडू हातात घेण्यापूर्वीच त्याच्या अस्तित्वाला हरकत घेतली गेली. त्यातून तो तरला आणि जगाला थक्क करून गेला, यावरून अपमान पचविता येतो असा सिद्धान्त काढणे म्हणजे महापुरातून एक जण पोहून आला म्हणून पूल बांधण्याचे तहकूब करण्यासारखे आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा तथाकथित उच्च आणि नीच जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. मुलांची नावे जातीसह सर्वांसमक्ष वाचून दाखविताच खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कोडी कमी सुटू लागली. कोडी तीच होती आणि मुलेही त्याच वयाची, त्याच गावांतली होती. एका जाहीर वाचनाने मध्ये काय शिरले हे निराळे सांगावयास नको.

शाळेच्या उंबरठ्याबाहेर हीच मुले किती हुशार असतात, याची साक्ष कोणत्याही आठवडी बाजारात मिळेल. ब्राझीलमधील रेसिफे शहरात 1985 च्या सुमारास झालेल्या एका सुप्रसिद्ध अभ्यासात, रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या पाच मुलांचे हिशेब गाड्यावर जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर आले. तीच आकडेमोड त्यांना कागदावर नुसत्या आकड्यांच्या उदाहरणांच्या रूपाने दिली, तेव्हा हे प्रमाण सदतीस टक्क्यांवर उतरले. मुले थोडी होती हे मान्य, आणि या घसरणीची कारणे अनेक आहेत, सारा दोष भीतीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बाजारातील गणिताला अर्थ असतो, कागदावरच्या गणिताला तो शोधावा लागतो. परंतु 'मी हे करू शकतो' हा विचार ज्या जागी माणसाच्या अंगात वस्तीला असतो, ती जागा आणि 'हे आपले काम नव्हे' असे जेथे पाऊल ठेवताच वाटू लागते ती जागा, यांत शिकणाऱ्याचे चित्त एकसारखे कसे राहील?

महाराष्ट्रात ही गोष्ट ओळखणारी माणसे होऊन गेली आहेत. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी स्वहस्ते लिहिलेले दैनिक चालवीत. रात्री जागून लिहिलेले ते पान सकाळी वाचणाऱ्या मुलाला आपल्यासाठी कोणीतरी जागले आहे हे कळत असे, आणि त्या जाणिवेने जे शिकविले ते कोणत्याही क्रमिक पुस्तकाला शिकविता आले नसते. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम आरंभिले, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि वारली मुले गुरे सोडून शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच गुरांच्या मागोमाग कुरणात नेली. त्या कुरणशाळेची थोरवी केवळ सोयीत नाही. मुलाच्या ओळखीच्या झाडाखाली, त्याच्या गुरांच्या नजरेच्या टप्प्यात पाटी उघडली गेली, म्हणजे जेथे ते आधीच धीट होते तेथे अक्षर त्याच्या भेटीला गेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो, असे आपण म्हणतो. कुरणात तो मागे लागण्याला जागाच ठेवलेली नव्हती.

म्हणजे मुलांना केवळ गोंजारावे, कष्टाचे नाव काढू नये, असा याचा अर्थ कोणी केल्यास तो माझ्यावर अन्याय होईल. तालमीत उतरलेला पोरगा शंभरदा पाठीवर पडतो, अंग सोलवटून घेतो, आणि वस्ताद त्याला एकशे एकाव्यांदा उभा करतो. गायनाचा शागीर्द एका स्वरासाठी महिनोन्‌महिने रियाज करतो. या दोन्ही ठिकाणी कष्ट शाळेपेक्षा तसूभरही कमी नाहीत, वस्तादाची करडी नजरही आहे, परंतु तेथे पडणे हा शिकण्याचा भाग समजला जातो. शाळेत पडणे हा गुन्हा ठरतो आणि त्याचा पंचनामा भर वर्गात होतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, हे उत्तम झाले. पण 'हातचा कुणाला दिलास' या प्रश्नावर उठणारे हसू कोणत्या कलमाखाली येते? फर्मानाने छडी जप्त करता येते, उपरोध जप्त करता येत नाही. तो शिक्षकाने स्वतःहून खाली ठेवावा लागतो, आणि शिक्षकाच्याही आधी आईबापांनी.

सरकारला मागण्या करण्याची रीत असल्याने मीही एक करून ठेवतो: शिक्षकांच्या प्रशिक्षणात चूक कशी हाताळावी याला स्वतंत्र स्थान असावे, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने मुलांच्या बरोबर उत्तरांची मोजदाद करण्याआधी वर्गात चुकीचे उत्तर किती निर्धास्तपणे दिले जाते हे पाहावे. परंतु खरी सुरुवात ओसरीवर, म्हणजे आजच्या भाषेत दिवाणखान्यात, व्हावयाची आहे.

माझे आजोबा बालमानसशास्त्राचे पुस्तक वाचलेले गृहस्थ नव्हते, आणि स्वभावाने ते मऊही नव्हते. पाढा अर्धवट टाकून उठणे त्यांना खपत नसे. परवचा म्हणताना मी अडलो, की ते उत्तर सांगत नसत आणि रागावतही नसत. खांबावर टेकलेल्या बोटाने ते ताल तेवढा चालू ठेवीत आणि म्हणत, "दोन घरं मागून ये." मी दोन घरे मागे जाई, ओळखीच्या पायऱ्यांवरून पुन्हा चढू लागे, आणि जेथे अडलो होतो ते घर बहुधा न कळत ओलांडून गेलेला असे. तपासणीच्या त्या संध्याकाळी एकशे पंधराची हकीकत त्यांच्या कानावर आलेली होती. त्यांनी तिचा उल्लेख केला नाही. औटकी संपल्यावर ते इतकेच म्हणाले, "आता सदुसष्ट नि अठ्ठावन्न सांग," आणि मी फळ्याकडे न पाहता, कारण तेथे फळा नव्हता, एकशे पंचवीस म्हणालो.